ओसाकाचं मिनिट, तंजावरचं मिनिट

समुद्रम तलावाच्या बांधावर कनकलता थांबली आणि तळपायात रुतलेला खडा काढायला वाकली. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून निघून आम्हाला तासाहून जास्त वेळ झाला होता. आवणी महिन्यातला रविवार, त्यामुळे पुन्नैनल्लूरच्या मारियम्मनला अनवाणी निघालेली माणसं मागेपुढे होतीच. मी दरवर्षी जाते. कनका मात्र तीन वर्षं देवीकडे फिरकली नव्हती. आज सकाळी तिनंच माझं दार वाजवलं आणि विचारलं, "वैनी, तुमच्यासंगं येऊ का?"

का, ते वाटेत अर्धं सांगून झालं होतं. उरलेलं अर्धं मला आधीच ठाऊक होतं, कारण आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे.

मी कराडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला तमिळ येत नव्हतं आणि इथल्यांचं मराठी कळायला चार महिने गेले. त्या दिवसांत भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी गाड्यांचा आवाज यायचा. मला वाटलं, शेजारी गॅरेज आहे. होती ती कनका आणि तिचा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, वैद्यनाथ. त्यांच्या मामांनी शारजाहून टीव्हीला लावायचं खेळाचं यंत्र आणलं होतं, त्यात मोटारींच्या शर्यतीचा एकच खेळ. ही अठरा-एकोणीसची, तो बाराचा. एका चटईवर खांद्याला खांदा लावून बसायची दोघं. तो दर वेळी जिंकायचा आणि चिडवायचा, "अक्का, गाडी चालवतेस की देवाचा रथ ओढतेस?" ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि पुन्हा खेळायची.

पुढे आईवडील गेले. कनका मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायला लागली, लग्न होऊनही त्याच घरात राहिली, मुलगी हरिता झाली. वैद्यनाथ नोकरीसाठी जपानात ओसाकाला गेला. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याला तोच खेळ सापडला, म्हणून त्यानं यंत्रही घेतलं. त्यानंतर दर रविवारी दुपारी चार वाजता फोन. एकाच रस्त्यावर तो तिकडे गाडी पळवणार, ही इकडे, आणि मग पडद्यावरची वेळ एकमेकांना सांगायची. आठवडाभर कनकाच्या चेहऱ्यावर तो रविवार दिसायचा. कधी भाजी निवडता निवडता तिचे अंगठे हलायचे.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तिला एक मिनिट एकतीस सेकंद लागली. त्याला कधीही एक चौतीसच्या आत जमलं नव्हतं. तिनं फोटो पाठवला. तो आधी हसला, मग म्हणाला की अक्का, गंमत पुरे, ही वेळ कोणाला जमत नाही, इथे मी चांगल्या खेळणाऱ्यांना विचारलंय. मग म्हणाला, आपल्या घरात खोटं बोलायची रीत नव्हती.

हे वाक्य तिला लागलं. तिनं फोन देवघराला टेकवून ठेवला, मारियम्मनचं नाव घेऊन कापूर पेटवला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तळहातानं विझवला.

कराडला आम्ही दिवसातून दहादा देवाशपथ म्हणतो आणि विसरतो. इथे कापूर विझवून सत्य करणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यांच्या घरी तर असा नेम की एकदा कापूर विझला की वाद संपला. ऐकणाऱ्यानं मानायचं, नाहीतर गप्प बसायचं. आणि सत्य करणाऱ्यानं तो विषय स्वतःहून पुन्हा काढायचा नाही. वैद्यनाथला मानता येईना. तो एवढंच म्हणाला, "खेळासाठी देवीला मधे आणलंस, अक्का." आणि गप्प बसला तो बसलाच. दिवाळीला दिव्याचं चित्र येतं, पोंगलला उसाचं. रविवारी चार वाजता कनका अजूनही कुठे जात नाही. मी एकदा बाजारात चल म्हटलं, तर गॅसवर दूध आहे म्हणाली.

बांधावरून पुढे निघालो तेव्हा तिनं नवी गोष्ट सांगितली. मागच्या सुट्टीत हरिता घरी आली होती. तिनं नेटवर वाचून आईला सांगितलं की हा खेळ तीन तऱ्हांनी निघाला होता, जपानसाठी एक, अमेरिकेसाठी एक, आणि युरोपसाठी निघाला तोच आपल्याकडे आला. गाड्यांची नावं वेगळी, बोलणाऱ्या बाईचा आवाज वेगळा, जपानी खेळात पावसातला एक रस्ता जास्तीचा. हे ऐकून कनका हसली होती. मग हरिता म्हणाली, आपला खेळ त्या दोघांपेक्षा हळूही चालतो.

कनकानं शाळेतलं स्टॉपवॉच घरी आणलं. पडद्यावर एक मिनिट झालं तेव्हा हातातल्या घड्याळात एक मिनिट बारा सेकंद झाली होती. तिनं सात वेळा मोजलं.

"वीस वर्षं पोरींच्या हातात घड्याळ देऊन लंबक मोजायला लावते मी," ती म्हणाली. "घरातला टीव्ही नाही मोजला कधी. सगळंच सावकाश, वैनी. वळण सावकाश येतं, म्हणून मला हात फिरवायला वेळ मिळतो. त्याला तिकडे नाही मिळत."

मी हिशेब विचारला. तिची ती एक एकतीसची वेळ खऱ्या घड्याळात एक मिनिट एकोणपन्नास भरत होती, वैद्यनाथच्या एक चौतीसहून जास्त.

"म्हणजे तू खोटं बोलली नाहीस," मी म्हटलं.

"नाही बोलले. पण खरंही नव्हतं ते. आणि त्यावर मी कापूर विझवला." थोडं चालून म्हणाली, "आज तो कापूर परत मागायला चाललेय."

मला जे वाटलं ते मी बोलले, की देवीला तुझं मन तेव्हाही कळलं असणार.

"देवीला कळतं हो. तंबीला कसं कळणार?"

देवळाचं गोपुर दिसायला लागलं होतं. फुलवाल्या बायका हाका मारत होत्या. कनकानं दोन हार घेतले, एक माझ्या हातात दिला, आणि तो हात सोडलाच नाही.

"मला तो विषय काढता येत नाही, वैनी. तुम्हाला येतो. दर्शन झालं की आज चार वाजता तुम्ही त्याला फोन करा. एक मिनिट बारा सेकंदांचं सगळं सांगा, तुम्हाला नीट सांगता येईल. मग जिंकलं कोण, असं तो विचारेल. तूच, म्हणून सांगा. आणि फोन कानाला घट्ट लावू नका. जरा लांब धरा. तो हसला, तर मला ऐकू येऊ दे."