आधी चूक, मग चहा

"आधी चूक, मग चहा," असं म्हणत डॉक्टरबाई किटलीवर झाकण ठेवायच्या आणि समोर बसलेल्या आम्हा तीन डॉक्टरांकडे एकेक करून बघायच्या.

दर बुधवारी दुपारी दवाखाने बंद असताना आम्ही सिल्वासात त्यांच्या घरी जमायचो. नियम एकच होता. आठवड्याभरात पेशंटच्या बाबतीत आपल्या हातून काय चुकलं, ते प्रत्येकानं सांगायचं. मग चहा. चहानंतर कुणीतरी वैद्यकाबाहेरचं काही वाचून दाखवायचं, इतिहासातलं, तत्त्वज्ञानातलं, कधी एखादी कविता. चार डॉक्टर एकत्र बसले की काय बोलतात, हे तुम्हीही ऐकलं असेल. कुणी कुठे प्लॉट घेतला, कुणाची कोणती गाडी. त्या घरात हे विषय निघालेच तर बाई इतक्या मनापासून जांभई द्यायच्या की बोलणाराच ओशाळून गप्प बसायचा.

मी तेव्हा नाशिकहून नुकताच आलो होतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, आणि धुळ्याकडून, नवापूर-शहाद्याकडून माणसं कामाला येत होती. मी सिल्वासालगतच्या सामरवरणीत एका गाळ्यात दवाखाना थाटला होता. बाईंचं सिल्वासात दहा खाटांचं छोटं रुग्णालय होतं. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातल्या त्या, पन्नाशीच्या, एकट्या. चण लहान, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. गाव त्यांना डॉक्टरबाई म्हणायचं, आम्ही मॅडम.

पहिले तीन महिने मी बुधवारी बारीकसारीक चुका घेऊन जायचो. एकदा म्हणालो, "एका पेशंटला मी नीट समजावून सांगितलं, तरी त्यानं पथ्य पाळलं नाही."

"ही चूक नाही, डॉक्टर, ही तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "दुसरी आणा." त्या दिवशी माझा चहा निवून गेला.

त्यांचं आणखी एक वाक्य ठरलेलं होतं. "मला माहीत नाही. बघून सांगते." हे त्या सरळ पेशंटच्या तोंडावर म्हणायच्या. नवे पेशंट बिचकायचे. डॉक्टरला माहीत नाही तर मग कुणाला माहीत? पण बाई खरंच बघायच्या. वीज गेली की सूक्ष्मदर्शक खिडकीशी नेऊन आरशावर ऊन घ्यायच्या आणि पाऊण पाऊण तास काचेवरचा रक्ताचा थेंब बघत बसायच्या. बाहेर बाकावरचे लोक एव्हाना समजून चुकले होते की बाई वाकल्या आहेत तोवर त्यांना हाक मारायची नाही.

सकाळी पहिला पेशंट आत घेण्याआधी त्या मिनिटभर डोळे मिटून बसायच्या. रविवारी उपासनेला जायच्या. मी देव न मानणारा, आणि त्या वयात त्याचा थोडा तोराही होता. एकदा विचारलं, "मॅडम, तुम्ही सूक्ष्मदर्शकही मानता आणि प्रार्थनाही. दोन्ही एकदम जमतं कसं?"

"तुम्ही आईवर माया करता ना?"

"करतो की."

"आणि तिची शुगरही तपासता. कसं जमतं?"

आमच्यातले केरळचे भूलतज्ज्ञ मोठ्यांदा हसले. तेही ख्रिस्ती, बाईंच्याच चर्चच्या मंडळीतले, पण स्वभावानं अगदी वेगळे. प्रश्न विचारण्यापेक्षा विश्वास ठेवण्यात त्यांना सुख वाटायचं. चौथे होते एक गुजराती बालरोगतज्ज्ञ. आपण बाईंच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी येतो, असं ते उघड कबूल करायचे.

आता शमुवेलबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय बाई तुम्हाला कळायच्या नाहीत.

शमुवेल नवापूरकडचा, सामरवरणीत धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. तिशीच्या आतला. बायको रूथ आणि एक लहान मुलगी. पावसाळ्यानंतर त्याला मलेरिया झाला. मी ताप उतरवला आणि मलेरिया उलटू नये म्हणून जी दुसरी गोळी देतात ती सुरू केली. त्यात काही गैर नव्हतं, सगळेच देत. दोन दिवसांनी रूथ एकटीच दवाखान्यात आली.

"डाक्टरसाहेब, त्यांना लघवी काळी होते. कोऱ्या चहावानी."

बाहेर गर्दी होती. मी मानही वर केली नाही. म्हणालो, "तापात होतं तसं. पाणी जास्त पाजा. गोळ्या पूर्ण करा."

तिनं तसंच केलं. आणखी दोन दिवसांनी कारखान्यातल्या दोघांनी शमुवेलला रिक्षात घालून बाईंकडे नेलं. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ पांढरे, उठून बसायचं त्राण नाही. मला निरोप आला तसा मी धावत गेलो. बाई रूथला विचारत होत्या, "याच्या आईकडच्या कुणाला कधी असं झालं होतं का?"

"मामांना झालं होतं म्हणतात. तापाच्या गोळ्या खाल्ल्या अन् असंच काळं. ते गेले त्यात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काही जणांच्या रक्तात जन्मापासून एका द्रव्याची उणीव असते, आणि ती आईकडून मुलाकडे येते. अशा माणसाला ही गोळी दिली तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. उत्तरात लिहिलंही होतं. समोर आलं तेव्हा ओळखलं नाही.

गोळी बंद झाली. सलाईन लागलं. वापीहून रक्ताच्या दोन बाटल्या आल्या. बाई दर तासाला लघवी काचेच्या भांड्यात धरून उजेडात बघायच्या आणि रंग वहीत लिहायच्या. मंडळीतली माणसं व्हरांड्यात बसून हलक्या आवाजात गात होती, प्रार्थना करत होती. बाईंनी त्यांना उठवलं नाही. उलट मधेच एकदा बाहेर जाऊन त्यांच्यात बसल्या, आणि पुन्हा आत येऊन नाडी धरली. पाचव्या दिवशी शमुवेलनं भात मागितला.

माझ्या जिवात जीव आला. पण खरी परीक्षा पुढेच होती.

त्या रविवारी बाहेरगावचे एक प्रचारक मंडळीत येणार होते. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि प्रार्थनेनं शमुवेल मरणातून परत आला, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. बाईंनी स्वतः उभं राहून तशी साक्ष द्यावी, असा निरोप घेऊन भूलतज्ज्ञच आले. एका डॉक्टरच्या तोंडून साक्ष, म्हणजे केवढी गोष्ट!

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. चमत्कार झाला म्हटलं की कोणती गोळी, कुणी दिली, हे कोण विचारणार?

शनिवारी दुपारी बाईंनी मला बोलावून घेतलं. "उद्या मी बोलणार आहे. औषधामुळे झालं, हे सांगणार आहे. त्याआधी शमुवेलला ते कळायला हवं, आणि तुमच्याकडून."

"सामरवरणीत माझा दवाखाना बंद पडेल, मॅडम."

"पडू शकतो."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर मी तुमचं नाव घेणार नाही. पण बुधवारी तुम्ही माझ्याकडे चहा कसा प्याल, ते मला माहीत नाही."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. मग म्हणाल्या, "तेवीस वर्षांपूर्वी माझ्या हातून एक बाळंतीण गेली. मी घरच्यांना सांगितलं, देवाची इच्छा. देवाच्या नावावर मी माझी चूक खपवली. ते मला अजून सलतं. तुम्ही तर देवही मानत नाही, तुम्ही ती कुणाच्या नावावर खपवणार?"

संध्याकाळी मी शमुवेलच्या चाळीत गेलो; बाईंनी आदल्याच दिवशी त्याला घरी सोडलं होतं. शमुवेल खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. गोळी मी दिली. रूथ सांगायला आली तेव्हा थांबवायला हवी होती, ती मी थांबवली नाही. मी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

मग रूथ म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण तुम्ही म्हणाले खाऊ द्या, तर मी माझ्या हातानी खाऊ घातल्या." तिचे डोळे भरले. "मला वाटायचं माझंच काही चुकलं."

हे ओझं तिच्या डोक्यावर असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

शमुवेल भिंतीकडे बघत होता. "राग तर येतो, साहेब," तो म्हणाला. "पण तुम्ही आले." मग त्यानं विचारलं, "माझा भाऊ येणार हाय इकडे कामाला. त्याला बी चालणार नाही का ही गोळी?"

मी तिथेच कागदावर मोठ्या अक्षरांत गोळीचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, ही देऊ नये. मराठीत, हिंदीत आणि माझ्या मोडक्या गुजरातीत. दोन प्रती केल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनाघराच्या शेवटच्या बाकावर बसलो. बाई पुढे गेल्या. आवाज लहानच होता.

"शमुवेल जगला म्हणून मी देवाचे आभार मानते. तुम्ही व्हरांड्यात बसलात, त्यानं मला धीर आला, हेही खरं. पण डॉक्टरांनी हात टेकले होते, हे खरं नाही. त्याच्या रक्तात जन्मापासून एक दोष आहे, म्हणून एका औषधानं त्याला बाधा झाली. ते बंद केलं, रक्त दिलं, तो बरा झाला. ज्या देवाची साक्ष द्यायची त्याच्याच समोर मी वाढवून कसं सांगू? आता ऐका. त्याच्या आईच्या नात्यातल्या सगळ्यांनी मला येऊन भेटा. तुमच्यातही हा दोष असू शकतो."

प्रचारकांनी घाईनं गाणं सुरू केलं.

भूलतज्ज्ञ तीन बुधवार आले नाहीत. मंडळीतल्या काही बायकांनी बाईंशी बोलणं टाकलं. नाताळात त्यांच्या घरी फराळाचं एकही ताट आलं नाही. मी चिडून म्हणालो, "कशाला जाता अशा लोकांत?"

"घरातले रुसले म्हणून कुणी घर सोडतं का?" त्या म्हणाल्या, आणि रविवारी नेहमीसारख्या आपल्या बाकावर जाऊन बसल्या. चौथ्या बुधवारी भूलतज्ज्ञ दारात उभे राहिले. "माझी एक चूक आहे," एवढंच म्हणाले. बाईंनी ती विचारलीही नाही, कप पुढे केला.

माझा दवाखाना बंद पडला नाही. काही पेशंट गेले. रूथ मात्र मुलीला घेऊन माझ्याकडेच येत राहिली.

पुढच्या पावसाळ्यात शमुवेलचा धाकटा भाऊ जवळच्याच राखोलीत कामाला लागला आणि महिन्याभरात तापानं पडला. तिथल्या डॉक्टरांनी तीच गोळी लिहिली. त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. गोळी थांबली. पुढे बाईंनी त्याचं रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. दोष त्याच्यातही होता.

ही बातमी द्यायला शमुवेल आला तो नवापूरची तूरडाळ घेऊन, बाईंसाठी एक आणि माझ्यासाठी एक पिशवी. बाईंची पिशवी मी पोचवली. काहीतरी मोठं बोलावं असं वाटत होतं. बाईंनी डाळ मुठीत घेऊन पाहिली. "चांगली शिजेल," म्हणाल्या आणि सूप आणायला आत गेल्या.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या गेल्या. हृदय थकलं होतं, हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं. शेवटच्या दिवशीही सकाळचे पेशंट तपासून झाले होते.

दफनाला प्रार्थनाघर पुरलं नाही. बोलणं टाकलेल्या बायका पुढच्या रांगेत होत्या आणि त्यांच्यात रूथ होती. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, मला काही कळत नव्हतं. शेजारच्या अनोळखी म्हातारीनं गाण्यांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि ओळीखालून बोट सरकवू लागली. मी तिच्या बोटामागून गात गेलो. चाल ठाऊक नव्हती, तरी गायलो. मग सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली.

दुपारी सामरवरणीला परतलो तेव्हा बाकावर माणसं बसली होती. एका बाईचं तान्हं बाळ किरकिरत होतं. मी हात धुतले, तिला आत बोलावलं, आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली.

"सांगा," मी म्हणालो. "सगळं सांगा. मला घाई नाही."