गिरणीवर जाणारी लांबची वाट

मनकर्णा, तू काल फोनवर म्हणालीस, "बाई, माझ्यावर काय लिव्हता, त्या लिंबांवर लिव्हा." झाडांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुझ्यावर लिहायला मी एकटीच आहे. तेव्हा गप्प बस आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या कुणाकडून तरी वाचून घे. काही चुकलं तर भांड. तुला त्यासाठी आमंत्रण कधी लागलंय?

आता वाचणाऱ्यांना सांगते. मनकर्णा शेवगावकडच्या आमच्या गावातली. वय पंचावन्नच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही. दिवाळीच्या आगेमागे नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं, गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचं, असं तीस वर्षं चाललंय. गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती घसरली आणि मनगट मोडलं. बाकीचा हंगाम तिला गावी परतून काढावा लागला, आणि नेमकं त्याच हंगामात तीन एकर गायरानावर बाग आणि फिरायची वाट करायचं गावाने मनावर घेतलं. आराखड्यासाठी सरपंच रामहरीने मला शहरातून, सावेडीहून बोलावलं. गाव माझ्या सासरचं, आणि कॉलेजात मी भूगोल शिकवलेला. आपल्याशिवाय हे कोण करणार, असं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू!

मी सुबक आराखडा केला. कडेने गोल वाट, मध्ये हिरवळ, चार बाकं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत रामहरी ठराव वाचणार, तेवढ्यात गळ्यात हात अडकवलेली ही बाई उठली.

"सरपंच, अर्धं गाव उसात हाय. बाग ठरवतंय कोन?"

"अगं, आल्यावर बघतीलच की सगळे."

"म्हंजे ठरवायचं तुमी अन् बघायचं आमी, व्हय?"

ठराव एक मेपर्यंत पुढे गेला. माझा संताप झाला होता. तीन महिने फुकट गेले, असं मी रामहरीला चारदा सुनावलं.

एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या. मी पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लावला. बायका आल्या, बघून गेल्या. मग मनकर्णाने शाळेतून कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की आणली आणि माझी गोल वाट गायरानावर खऱ्या मापाने आखायला लावली. वीसेक बायका जमल्या. पण त्या वाटेवर कुणी पाऊल टाकेना.

"अगं, चाला की! काय अडचण आहे?" मी वैतागले.

"रिकाम्या हातानं?" मनकर्णा म्हणाली. "बाई, तुमच्या सावेडीत बाई बूट घालून निघाली की लोकं म्हनत्यात, फिरायला चालली. हितं इचारत्यात, कुठं चालली? काय सांगू? गोल?"

बायका खिदळल्या. मलाही हसू आवरलं नाही.

ती मात्र हसत नव्हती. "उसात सहा म्हैने वाकून असतो आमी. घरी आल्यावर तरी ताठ चालावं वाटतं. पन कुनी इचारलं तर नाव घ्यायला एक जागा पायजे."

तिने माझं वर्तुळ पायाने पुसलं. डाव्या हातात फक्कीचा डबा घेऊन वस्तीपासून निघाली, गायरानातल्या कडुलिंबांच्या सावलीतून वळली, विहिरीला वळसा घातला आणि थेट आसारामच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबली. सडकेने गिरणी पाच मिनिटांवर आहे. हिच्या वाटेने वीस मिनिटं! बायका मागोमाग कधी चालायला लागल्या, मला कळलंच नाही. एक मेला त्याच रेघांवर बसून ग्रामसभा झाली.

"वाट लई वाकडी दिसती," रामहरी म्हणाला.

"चालनाऱ्या सरळ हायेत. बास झालं," मनकर्णा म्हणाली.

ठराव झाला आणि पावसाळ्याआधी त्या रेघांवर मुरूम पडला. आता संध्याकाळी कमरेवर दळणाचे डबे घेऊन बायकांची रांग लागते. आसाराम मला म्हणाला, "बाई, एवढ्या बाया येत्यात, दळन मात्र वाढंना!" एकीचा डबा मी उघडून बघितला. रिकामा होता. वर्गात मी वाटा नकाशावर शिकवल्या. बाईमाणसाला चालायला सबब लागते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिच्या आलं.

एक काम मात्र राहिलं. ही वाट सरकारी नकाशावर नाही. कल्याण नावाचा गृहस्थ विहिरीजवळ, नेमका वाटेतच, पत्र्याचं दुकान टाकायचं म्हणत होता. वाट नकाशावर घ्यावी म्हणून मनकर्णाने तहसीलदाराच्या नावे अर्ज लिहून घेतला. "बाई, मंगळवारी शेवगावला जाऊ. तुमी साहेबाशी बोला, मी भांडते." त्या मंगळवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पुढच्या मंगळवारी ऊन फार आहे म्हणून मी टाळलं. त्याच्या पुढच्याला तर कारणही दिलं नाही. मग तिचं मनगट बरं झालं, ट्रक आला आणि ती टोळीबरोबर गेली. मी एकटी जाऊ शकले असते. गेले नाही.

न दिलेल्या त्या अर्जावर तिचा अंगठा आहे, माझी सही नाही. परवा रामहरी सांगत होता, कल्याणने विहिरीजवळ खांबांसाठी खड्डे घेतलेत.