मागून फिरणारा हात

तळेगाव ढमढेऱ्याच्या समृद्धीचा कुणावर म्हणून भरवसा नव्हता. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि लोक मेले असे की दिसत नाही म्हटल्यावर ऐकूही येत नसेल असं धरून तोंडासमोर वाट्टेल ते बोलतात. जीपवाल्यानं 'कारेगाव आलं' म्हटलं तरी बाहेरचा आवाज ओळखीचा वाटल्याशिवाय ही पाय खाली ठेवायची नाही. आई ताईबाई म्हणायची, माणसांवर जरा विश्वास ठेवावा. ही म्हणायची, ठेवते की, तपासून.

कारेगावजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती कामाला होती. मशीन कसं बंद करायचं, हातमोजे कधी घालायचे, अशी कामगारांची सूचनापत्रकं न दिसणाऱ्यालाही ऐकता येतील अशी करायची, हे तिचं काम. पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर तिच्या कानात बोलायचा. पण आधीच्या लोकांनी मथळे म्हणून नुसती अक्षरं मोठी करून ठेवलेली. बघणाऱ्याला तो मथळा, ऐकणाऱ्याला मात्र इतर ओळींसारखीच एक ओळ. मग हवं ते सापडेपर्यंत अख्खं पत्रक ऐकत बसा! समृद्धी एकेका ओळीला मथळ्याची खूण द्यायची, चित्राचं वर्णन लिहायची. एक बटण दाबलं की ऐकणारा नेमक्या जागी पोचायचा. साहेबांनी तिची पानं बघून 'छान' म्हटलं होतं, कायम करायचं बघू असंही म्हणाले होते. घराबाहेरच्या कुणी तिच्या कामाला पहिल्यांदाच छान म्हटलं होतं. त्या एका शब्दावर ती आठवडाभर हवेत होती.

आणि मग तिनं आपलीच पत्रकं पुन्हा उघडून ऐकली, तर मथळे नाहीसे झालेले. काल दिलेल्या खुणा आज गायब. बटण दाबावं तर स्क्रीन रीडर सांगणार, पुढे मथळा नाही. आधी तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. तेव्हा मात्र कुठंतरी पाणी मुरतंय हे तिनं ओळखलं. शेजारच्या टेबलावर राहू गावचा मच्छिंद्र बसायचा. चहा आणून द्यायचा, ताई ताई करायचा. एवढा गोड माणूस फुकट गोड नसतो, हे समृद्धीचं जुनं मत. त्याचा एक भाऊ नोकरी शोधतोय हेही तिनं ऐकून ठेवलं होतं.

एक दिवस जेवायला जाताना तिनं हेडफोनची पिन उपसली, आवाज मोठा केला आणि डबा घेऊन दाराबाहेर उभी राहिली. थोड्या वेळानं सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं, "मथळा. हातमोजे घालणे. निवडले." मागोमाग मच्छिंद्रची आवाज बंद करण्यासाठी धडपड.

"कुणाला बसवायचंय माझ्या जागी?" तिनं आत येत विचारलं.

मच्छिंद्रनं आधी आवाज बंद केला. मग हळूहळू बोलला. तिनं खूण दिली की मथळे निळे व्हायचे, अक्षरं फुगून चित्रावर चढायची. साहेब बघतील आणि नावं ठेवतील, म्हणून तो पहिल्या पत्रकापासून तिच्यामागून सगळं होतं तसं करून ठेवायचा.

"तुमाला वाईट वाटंल म्हून सांगितलं न्हाई, ताई."

म्हणजे साहेबांचं ते 'छान' याच्या हाताला होतं! समृद्धीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर असता तर परवडला असता, त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. तिनं त्याला हाताला धरून साहेबांकडे नेलं आणि सगळं त्याच्याच तोंडून वदवलं. रंग, आकार बिघडला की त्यानं सांगायचं, नीट ती करणार, खुणा राहणार, असं ठरलं. कायम करायचं पुढं बघू, एवढंच साहेब म्हणाले.

संध्याकाळी घरी उद्याच्या बाजाराची मेथी पडली होती. समृद्धी लहानपणापासून जुड्या बांधायची. पोरीसारखी जुडी गावात कुणाची नाही, असं ताईबाई येईल त्याला सांगायची. आज बांधता बांधता समृद्धीचे हात थांबले. पलीकडे आई बांधलेल्या जुड्या पाटीत रचत होती, पण रचायला एवढा वेळ लागतो होय?

"आई, माझ्या जुड्या तू परत सोडती का?"

ताईबाईनं एक जुडी पाटीत ठेवली, दुसरी उचलली.

"पिवळं पान तेवढं काढती," ती शेवटी म्हणाली. "ते हाताला कसं कळावं, बाई?"

"पहिल्यापसनं?"

आई पुढची गाठ सोडायला लागली. समृद्धीनं आईच्या हातातली जुडी ओढून घेतली.

"कुठलं, दाखव."

ताईबाईनं तिचं बोट धरून एका पानावर टेकवलं. पान इतर पानांसारखंच मऊ, गार लागलं.

"खरंच पिवळं हाय, का माझं मन राखती?"

"पिवळं हाय गं."

तरी समृद्धीनं ते पान थोडा वेळ चिमटीत तसंच धरलं, आणि मग खुडलं.