पावशेरची वरची चिमूट

मला आधी एक सांगा. दुकानात गेलात की भरवसा कोणावर ठेवता? काट्यावर, की काट्यामागं बसलेल्या माणसावर?

काट्यावर ठेवा हो! बोर्ली पंचतनच्या बाजारात किराणा विकण्यात माझी हयात गेली. शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून शिकलो. तोच मी सांगतोय, माणसाचा भरवसा धरू नका. का, ते ऐका. हसू आलं तर हसा, पण चहा सांडू नका.

आमची एकुलती एक सायली मे महिन्यात पुण्याला नर्स म्हणून लागली. मागं ठेवून गेली एक ट्रंक आणि एक कुत्रा. तांदळाच्या गोणीमागं सापडलेलं पिल्लू ते. काट्यावर ठेवलं तर काटा हलेचना, म्हणून पोरीनं नाव ठेवलं पावशेर.

सायली गेली. दोन आठवडे पावशेरनं कसंबसं चघळलं, मग अन्नच सोडलं.

दूधभाकरी दिली, नाही. भात-कालवण, नाही. उकडलेलं अंडं दिलं. अहो, ते अंडं बघून मलाच पाणी सुटलं, पण हा ढिम्म! ताटलीसमोर ताठ बसायचा. एकदा अन्नाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. मी माप मारलंय असा संशय आलेलं गिऱ्हाईकच जसं!

"अहो, त्याला तिची आठवण येतेय," सायलीची आई पदर डोळ्याला लावत म्हणाली.

"कुत्र्याच्या मनातलं तुला काय कळतं?"

"तुम्हीही अर्धी भाकरी ठेवून उठताच की!"

"मला आंबट ढेकर येतात," म्हटलं आणि दुकानात निघून आलो.

आता खरी गोष्ट सांगतो. सायलीचा फोन यायचा रविवारी. "बाबा, जेवलात? बरं, ठेवते, ड्यूटी आहे." संपलं! बडीशेप चावून होत नाही तोवर फोन बंद. पण पावशेर जेवत नाही म्हटल्यावर? सकाळी फोन, संध्याकाळी फोन. काय दिलं, कसं दिलं, नाक ओलं आहे का, शेपूट हलते का. मी नाकापासून शेपटीपर्यंत इतकं सावकाश सांगायचो की गिऱ्हाइकं कंटाळून समोरच्या दुकानात जायची.

चौथ्या दिवशी हिराबाय मध्ये पडली. ही आमच्या पायरीवर सुकट विकायला बसते. बाजारातलं तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"शेट, त्याला वर घातलाव काय?"

"वर काय घालायचं?"

"अरे देवा! जन्म गेला धंद्यात, नि मना इचारतो वर काय!"

तिनं टोपलीतला चिमूटभर जवळा, ती बारीक सुकी कोलंबी, उचलला आणि ताटलीतल्या भाकरीवर टाकला. पावशेर उठला. भाकरी खाल्ली, जवळा खाल्ला, ताटली चाटत चाटत पार भिंतीला नेऊन टेकवली!

तुम्हाला ठाऊक आहेच, आमच्याकडे माल तोलून झाला की वर एक चिमूट घालायची. ती पडल्याशिवाय गिऱ्हाईक पिशवी उचलत नाही. उचललीच तर तोंड वाकडं करून. सायली या कुत्र्याला दुकानातच जेवू घालायची. गंमत म्हणून भाकरी काट्यावर तोलायची, ताटलीत घालायची आणि "हे वर हं, पावशेरशेट" म्हणून जवळा टाकायची. बाजारात वाढलेलं पोर ते! त्याच्या लेखी वर पडलं नाही म्हणजे व्यवहार पुरा झाला नाही. आणि गावाला दुकानदारी शिकवणाऱ्या मला ते चार दिवस कळलं नाही!

सरळ माणसानं काय केलं असतं? पोरीला फोन केला असता. मीही केला.

"बाबा, खाल्लं का हो त्यानं काही?" आवाज पार व्याकूळ. खाल्लं म्हटलं असतं तर पुन्हा रविवारपर्यंत वाट बघायची होती.

"नाही गं," मी म्हणालो.

दोनच शब्द! पण खोट्या मालाचं तुम्हाला माहीत आहे. एक पुडी खपली की दुसरी बांधावी लागते.

"बाबा, फोटो पाठवा." पाठवला. भात-कालवण हाणून दुपारी जीभ बाहेर काढून पडला होता, त्याचा. "अरे देवा, किती मरगळलाय!" मग म्हणे व्हिडिओवर दाखवा. मी दुकानातला दिवा घालवला, कुत्र्याला मांडीवर घेतलं. त्यानं नेमका तेव्हाच ढेकर दिला. मी जोरात खोकलो.

"बाबा, तुम्हालाही बरं नाही का?"

"चालायचंच," मी म्हणालो. सायलीच्या आईला मात्र सांगून ठेवलं होतं, की कुत्रा जेवतो म्हणून पोरीला कळवलंय.

सहाव्या दिवशी सायली रडली. "मी येते."

येऊ नकोस, असं मी म्हणालो का? म्हणालो की! "तुझी अडचण होत असेल तर राहू दे, बाळा." पण असल्या आवाजात, की दगडसुद्धा एसटीत चढला असता.

आली. दुकानासमोर पाऊल ठेवते तोच पावशेरनं अशी झेप घेतली, की पोरगी पिशवीसकट गोणीवर बसली. उठून त्याला उचलायला गेली, तर हाताला जड लागला. त्याला ढकलत ढकलत गोणी तोलायच्या मोठ्या काट्यावर चढवलं.

"बाबा, मी गेले तेव्हा आठ किलो होता. वाचा."

मी चष्मा पुसायला घेतला.

"वाचा ना!"

"नऊ... अगं, पोरं वाढतात."

"उपाशी?"

सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. हिराबाय पायरीवरून म्हणाली, "गो बाय, कुत्रा जेवतो बरा. जेवत न्हाय तो यो शेट!"

सायली खो खो हसली. मीही हसलो. सुटलो, वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, गणपतीतली माझी पाच दिवसांची सुट्टी मी मैत्रिणीला दिली. बदल्यात तिचे हे दोन दिवस घेतले."

"म्हणजे गणपतीला..."

"नाही जमणार आता."

पाच देऊन दोन! अहो, असला सौदा दुकानात पहिल्यांदा बसलेलं पोरसुद्धा करणार नाही. सायलीची आई आतून ऐकत होती. तिनं भांडं आपटलं नाही, पोरीच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि आत गेली. ते जास्त लागलं.

रात्री जेवताना सायलीनं मला वाढलं. "नुसतं ये म्हणायचं होतंत, बाबा."

"आली असतीस?"

तिनं विचार केला. पोरगी माझ्यावर गेलेली नाही. "रजा बघते म्हणाले असते," म्हणाली.

मी मान हलवली. त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर भात.

दोन दिवस कसे गेले, विचारू नका. तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला तिला सोडायला स्टँडवर गेलो. थांब म्हणायला तोंड कुठं होतं? नुसता उभा राहिलो. एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. पुन्हा गाडीकडे, पुन्हा तिच्याकडे.

तिनं कपाळावर हात मारला. "कळलं! तुम्हालाही वर पाहिजे ना?"

आणि सकाळची गाडी सोडून दुपारच्या गाडीनं गेली.

पावशेर आता रोज जेवतो, चिमूट घेऊन. फोन पुन्हा रविवारवर आला. गणपतीत तुम्ही आमच्याकडे दर्शनाला याल. सायली दिसणार नाही; का आली नाही, असं कोणी तरी विचारेलच. तेव्हा एवढं करा, कुत्र्यावर ढकलू नका. त्या मुक्या जनावराचं खातं स्वच्छ आहे. हिशेब खरा ठेवा. ते पाच दिवस माझ्या नावावर लिहा.

आणि जमेला ती दुपारची गाडीही लिहा. ती विसरू नका.