पडलेला माईक

"हेलन मॅडम, आणखी एक आनंदाची बातमी आहे. सगळ्या क्लिप्समधलं लिप सिंक आम्ही दुरुस्त केलंय. एक्स्ट्रा चार्ज न लावता."

लंडनच्या कॉलवर हे वाक्य मी आपणहून बोललो. कोणी विचारलं नव्हतं. पलीकडे अशी शांतता पसरली, की लाइन तुटली असं वाटून मी दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" केलं.

"ऐकू येतंय," हेलन म्हणाल्या. "दुरुस्त म्हणजे नेमकं काय केलंत?"

मग मी सविस्तर सांगितलं. कुठे थांबावं हे न कळणारा माणूस नेहमी सविस्तर सांगतो.

आमचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं. दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. हडपसरच्या आयटी पार्कात मी प्रोजेक्ट लीड होतो. त्याआधी टीव्ही सेट बनवणाऱ्या कारखान्यात होतो. परदेशी कंपन्यांचे रंगीत टीव्ही आले, आमचा कारखाना गेला, आणि चाळिशीत मी गळ्यात आयकार्ड घालून धायरीहून हडपसरला बसने जाऊ लागलो. लंडनची एक संस्था जुने टीव्ही कार्यक्रम जपत असे. साठ-सत्तरच्या दशकात तिकडे दर आठवड्याला पॉप गाण्यांचे कार्यक्रम लागत. त्यांच्या टेप्सवरून काढलेल्या कच्च्या फाइली, म्हणजे रॉ, हार्ड डिस्कवर भरून आमच्याकडे येत. आम्ही ओरखडे काढायचे, खरखर काढायची, आणि साफ झालेली क्लिप परत पाठवायची. मग ती त्यांच्या वेबसाइटवर चढे आणि खाली प्रेक्षक आपल्या आठवणी लिहीत. त्यात शिवीगाळ नाही ना, हेही आम्हीच तपासायचो.

शिवीगाळ क्वचितच असे. बहुतेक आजी-आजोबाच लिहायचे. एका बाईंनी लिहिलं होतं, 'आमच्याकडे काळा-पांढरा टीव्ही होता. तिचा ड्रेस हिरवा होता हे आज कळलं. मी जन्मभर निळा समजत आले.' एका गृहस्थांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून गाणं भरून घेतलं होतं, त्यात मध्येच त्यांची आई जेवायला हाक मारते. ते लिहितात, 'मूळ गाणं ऐकलं की आता काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण त्यात आई नाही.' आमची पोरं हे वाचायची आणि मग उगीचच मान वळवून चहाला जायची.

आता लिप सिंक. म्हणजे ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ. त्या कार्यक्रमांत बरेचदा गायक खरं गातच नसत. मागे रेकॉर्ड वाजे आणि हे पुढे उभे राहून तोंड हलवत. गिटारला वायर नसे. काही खोडकर मंडळी मुद्दाम तोंड मिटून हसत उभी राहत, आवाज मात्र चालूच. तिकडच्या घराघरांत ही चोरी पकडण्यातच निम्मी मजा असे. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा मला इतकंच दिसलं, की ओठ आणि आवाज जुळत नाहीत. टीव्हीच्या कारखान्यात वीस वर्षं क्वालिटी पाहिलेल्या माणसाला ते दिसलं की हात शिवशिवतात. मी टीमला सांगितलं, "जुळवा. आणि जे जुळतच नाही, ते काढा."

"काढा म्हणजे?" हेलननी विचारलं.

"म्हणजे तेवढं चित्र कापून तिथे समोर नाचणाऱ्या मुलांचा शॉट टाकतो. गाणं कुठेही तुटत नाही, मॅडम. जोड शोधून सापडणार नाही."

"नाहीच सापडला," त्या म्हणाल्या. "म्हणूनच फोन केलाय. आता मी एक आठवण वाचते."

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातल्या आयलीन नावाच्या बाईंची ती आठवण होती. लहानपणी त्यांची आई गेली. नंतर बरेच महिने घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. एका संध्याकाळी टीव्हीवर एक गायिका गात असताना तिच्या हातातून माईक निसटून जमिनीवर पडला, आणि गाणं तसंच चालू राहिलं. बस ड्रायव्हर असलेले आयलीनचे वडील हसायला लागले. इतके, की हातातला चहा सांडला. आई गेल्यानंतर ते हसलेले तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पुढे बाईंनी लिहिलं होतं, 'आज ती क्लिप पाहिली. माईक पडत नाही. माझा भाऊ नेहमीच म्हणतो, की असं काही झालंच नव्हतं, मी मनाने रचलंय. कदाचित त्याचंच खरं असेल.'

हेलननी वाचणं थांबवलं. "तर मला सांगा, मिस्टर जोगळेकर. माईक पडतो की नाही?"

"पडतो," मी म्हणालो. "म्हणजे, पडायचा."

"ठीक आहे. मग रॉमधून तेवढा भाग परत जोडा."

इथेच घोळ होता. रॉ फाइली संपूर्ण बॅचला क्लायंटची शेवटची मंजुरी येईपर्यंत ठेवायच्या, असं करारात होतं. पण आमचा सर्व्हर भरत आला होता. आमच्या क्यूसीने, म्हणजे क्वालिटी तपासणाऱ्या टीमने, पास केलं की रॉ उडवायची, असा नियम मी स्वतः केला होता, आणि त्याबद्दल महिन्याच्या मीटिंगमध्ये शाबासकीही घेतली होती.

मी चाचरत ते सांगितलं. हेलनचा आवाज कोरडा झाला. मूळ टेप इतकी जुनी होती, की ती शेवटची चालवून रॉ काढली होती. आता ती मशीनला चिकटत होती. पुण्यात रॉ आहे या भरवशावर त्यांनी परत आलेल्या डिस्कवर नवा माल भरला होता.

"सोमवारी पुन्हा बोलू," त्या म्हणाल्या. "पुढची बॅच तुमच्याकडे पाठवायची की नाही, तेही तेव्हाच."

आमचे डिलिव्हरी हेड परांजपे माझ्या शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समोरच्याने बसून घ्यावं, अशी पद्धत होती.

"जोगळेकर, तुम्हाला ओरखडे पुसायला सांगितले होते. तुम्ही घटनाच पुसल्यात."

"सर, सरकवलेला आवाज परत सरकवता येईल. किती सरकवला ते सिस्टिममध्ये आहे. प्रश्न फक्त कापलेल्या चित्राचा आहे."

"फक्त! आणि ते जाहीर केलंत कसं? 'आनंदाची बातमी'! एक्स्ट्रा चार्ज लावला असतात, तर निदान त्यांनी आधी विचारलं तरी असतं."

मी क्यूसी रूममध्ये गेलो. तिथे प्रज्ञा गायकवाड टीम सांभाळायची. अतिशय हुशार आणि तितकीच स्पष्ट. तिच्या शेजारी फुरसुंगीचा संतोष एडिटिंगला असे. मी सगळं सांगून विचारलं, "तो माईक पडण्याचा तुकडा कुठे, कोणाच्या मशीनवर, चुकून राहिला असेल का?"

खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या मॉनिटरमध्ये डोकं घातलं. संतोषने तर बंद मॉनिटरमध्ये घातलं.

प्रज्ञाने विचारलं, "सर, यात नोकरी कोणाची जाणार?"

"बहुधा माझी."

"मग थोडं थांबता येईल," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "चला सर, गेटबाहेर चहा घेऊ."

टपरीवर तिने कटिंग हातात धरला, पण प्यायली नाही. "सर, एक फोल्डर आहे. ट्रेनिंगच्या मशीनवर."

"कसला?"

"तुम्ही कापायला सांगायचात ना, ते सगळं त्यात आहे. माईक पडलेला, ड्रमवाल्याची काठी उडालेली, गाणं संपल्यावरही एक जण गिटार वाजवतोय ते. शनिवारी डबे खाताना आम्ही लावतो. माईकवाल्या बाईंना तर फर्माइश असते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संतोष ओरडला होता, 'अगं, माईक खाली पडला तरी गानं चालूच हाय!' आणि त्याच्या तोंडातली पोळी बाहेर आली होती."

मला तिथेच तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तिचा चेहरा उतरलेला होता. क्लायंटचा एक तुकडाही स्वतःसाठी ठेवायचा नाही, असं प्रत्येकाने सही करून दिलं होतं. ठेवला तर घरी. प्रज्ञाने नुकतंच हडपसरजवळच्या मांजरी गावात फ्लॅटचं बुकिंग केलं होतं आणि आई-वडिलांना लातूरहून आणायचं चाललं होतं.

"फोल्डर मी बनवला," ती म्हणाली. "पोरांचं नाव नका घेऊ."

"कोणाचंच घेत नाही. उलट तुझ्यामुळे..."

"सर, 'कोणाचंच' चालणार नाही. हेलन मॅडम विचारणारच, हे आलं कुठून."

तिचं बरोबर होतं. परांजप्यांना सांगितलं तर त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग खुर्चीत टेकून बसले. त्या दिवसातला त्यांचा पहिला मोकळा श्वास मी ऐकला. "आपण त्याला रेफरन्स आर्काइव्ह म्हणू," ते म्हणाले. "रेफरन्स आर्काइव्ह ठेवणं ही प्रोसेस झाली. प्रोसेसला कोणी काढून टाकत नाही."

सोमवारच्या कॉलवर मी हेच बोललो. काढलेल्या भागांचं एक रेफरन्स आर्काइव्ह सुदैवाने उपलब्ध आहे, सकाळीच अपलोड केलंय, वगैरे. हेलन पलीकडे ते उघडत होत्या. माउसची टकटक ऐकू येत होती.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "या फोल्डरचं नाव काय आहे? जी, ए, एम, एम, ए, टी?"

नाव बदलायचं राहिलं होतं. परांजप्यांनी झेप घेऊन म्यूट दाबलं. "काहीतरी फुलफॉर्म करा! ग्राफिक... ऑडिओ... मिसमॅच... पुढे काय?"

"पुढे ए, टी," प्रज्ञा म्हणाली. तीही खोलीत उभी होती. हाताची घडी घातलेली, बोटं दंडात रुतलेली. मला म्हणाली, "सर, खरं सांगून टाका. मागच्या ऑडिटलाही दुसऱ्याच कशाचा तरी असाच फुलफॉर्म केला होतात तुम्ही."

मी म्यूट काढलं. "मॅडम, त्याचा अर्थ 'मजा' असा होतो. हे आर्काइव्ह वगैरे काही नाही. मी जे कापायला लावलं, ते बघून माझी टीम जेवताना हसायची. म्हणून त्यांनी ते ठेवलं. ठेवायला नको होतं, हे त्यांनाही माहीत आहे. कापायला मी सांगितलं, ठेवण्याची परवानगी कोणीच दिली नव्हती. तुम्हाला कोणावर कारवाई करायची असेल तर ती माझ्यापासून सुरू करा."

पलीकडून फक्त माउसची टकटक आली. या वेळी मी हॅलो म्हणालो नाही.

मग गाण्याचा आवाज आला. हेलननी तो तुकडा लावला होता. माईक पडला असेल, गाणं चालूच राहिलं. आणि त्या गाण्यावर दुसराच एक आवाज आला. आधी नाक दाबल्यासारखा, मग मोकळा. हेलन हसत होत्या.

"तुमच्या टीममध्ये नेमका कोणता भाग जास्त आवडतो?" त्यांनी विचारलं.

मी प्रज्ञाकडे पाहिलं. ती पुढे आली. "मॅडम, माईक उचलताना ती त्यालाच सॉरी म्हणते, तो."

"मलाही तोच."

बाकीचं सगळं कोरडं आणि ऑफिसच्या शिस्तीत झालं. मला लेखी समज मिळाली. त्याची कॉपी फाइलला लागली. प्रज्ञाला एक ईमेल आला: यापुढे काढलेला प्रत्येक तुकडा क्लिपसोबत लंडनला पाठवावा, आणि लंडनला न विचारता काही काढूच नये. ट्रेनिंगच्या मशीनवरचा फोल्डर आमच्यासमोर पुसून घेतला गेला. त्या शनिवारी डबे खाताना पोरांना फारच शांत वाटलं. पण प्रोसेस डॉक्युमेंटमध्ये काढलेले तुकडे पाठवण्याची एक नवी पायरी आली आणि हेलननी तिचं नाव बदलायला नकार दिला. पुढची दोन वर्षं ऑडिटर येऊन गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "गम्मत फोल्डर अपडेटेड आहे का?"

पुढची बॅच आली. त्या आठवड्यात वेबसाइटवर क्लिप बदलली गेली, आणि दोन दिवसांनी आयलीनबाईंचा मजकूर तपासायला माझ्याच स्क्रीनवर आला. 'पडतो! माईक पडतो! भावाला पाठवलंय. त्याचं अजून उत्तर नाही.' त्यात शिवीगाळ नव्हती. मी पास केलं. प्रज्ञाला बोलावून दाखवलं, तर ती म्हणाली, "भाऊ आता महिनाभर फोन उचलणार नाही बघा."

या सगळ्यातून मी धंद्यातली एक गोष्ट शिकलो. चूक शोधणं हे आमचं काम आहे, पण सापडल्यावर ती कोणाची आहे आणि त्याला ती हवी आहे का, एवढं विचारायला एक ईमेल पुरतो. शाबासकी मात्र त्यावर मिळत नाही.

आयलीनबाईंचा मजकूर आला त्या रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, "आपल्या लग्नाच्या कॅसेटची सीडी करताना तुम्ही माझे बाबा कापलेत."

"अगं, ते मांडवात घोरत होते. बरं दिसत नव्हतं."

"तीन दिवस जागे होते ते. त्या अख्ख्या शूटिंगमध्ये तेवढेच निवांत दिसतात."

बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी हळूच विचारलं, "ती मूळ कॅसेट... आहे का गं कुठे?"

"आहे ना. तुम्ही फेकून दे म्हणाला होतात," ती म्हणाली, "म्हणून ठेवलीय."