भीमाबाई आणि दरवर्षीचा मुरूम

आमची बिल्डिंग वर येऊन राहिली आहे, असं तिसऱ्या मजल्यावरच्या अवंतिकाताईंनी जाहीर केलं, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी हसलो. खाली जाऊन पाहिलं तर जिन्याची पहिली पायरी खरंच जमिनीपासून वीतभर अधांतरी होती आणि तिच्याखालून एक मांजर आरामात ये-जा करत होतं. मी हसणं आवरलं आणि दोन ट्रक मुरूम मागवला. पायरी पुन्हा टेकली, लोकांनी माझं कौतुक केलं, आणि पुढे नऊ वर्षं दर दिवाळीआधी मी हेच करत आलो.

या कौतुकाला तळमजल्यावरच्या भीमाबाई तेवढ्या कधी आल्या नाहीत. त्यांचं घराणं भंडाऱ्याकडचं, पण जन्म इथलाच, या हिंदी शहरातल्या घमापूर मोहल्ल्यातला. एका इंजिनीअरिंग कॉलेजात माती तपासायच्या लॅबमध्ये त्यांनी अटेंडंट म्हणून एकतीस वर्षं काढली. चिकणमातीचे नमुने कापायचे, भट्टीत वाळवायचे, भांडी घासायची, ही कामं त्यांची. त्यावर पेपर लिहायचं काम इतरांचं. प्रोफेसर आले-गेले, मुलं पास होऊन पूल बांधायला निघून गेली, भीमाबाई तिथेच. ऐकून ऐकून त्यांना इतकं येऊ लागलं होतं की नापास मुलं परीक्षेच्या आधी गुपचूप त्यांच्याकडे यायची. हे त्यांच्या मुलाने, अश्वजीतने मला सांगितलं. स्वतः भीमाबाई बढाई मारत नाहीत, फक्त तोंडावर बोलतात, आणि ते जास्त झोंबतं.

पहिल्याच ट्रकच्या वेळी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून टाकून राहिले जी हा मुरूम?"

"पायरी लटकली आहे म्हणून."

"पायरी नाही लटकली, साहेब. जमीन बसून राहिली. इथं तलाव होता, खाली लोण्यासारखा गाळ हाये. तुम्ही वरून वजन टाकलं का तो आणखी बसते, अन् बसता बसता पाइलले धरून खाली ओढते."

"भीमाबाई, पाइल म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब. ते बिल्डिंगला धरून ठेवतात. माती त्यांना काय ओढणार?" असं म्हणून मी पुन्हा हसलो. मी इतिहासाचा मास्तर. माझं हसणं वर्गात फार चालायचं.

भीमाबाईंचा फ्लॅट उत्तरेच्या कोपऱ्यात. तलाव तिथेच सगळ्यात खोल होता आणि तिथले पाइल खडकापर्यंत पोचलेच नव्हते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला. त्यांनी तड्यावर काचेची एक पट्टी आडवी ठेवून सिमेंटने चिकटवली आणि तिच्यावर तारीख लिहिली. तडा रुंदावला की काच फुटते. मुरूम पडला की तीन-चार महिन्यांत काच फुटायचीच. फुटलेले तुकडे त्या मला तारखेसकट आणून दाखवायच्या, वाया गेलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक बापाला दाखवावं तसे. मला राग यायचा. खरं सांगायचं तर भीतीही वाटायची, पण ती मी दाखवत नसे.

गेल्या वर्षी त्यांचा मागचा दरवाजा बंदच होईना. अश्वजीत म्हणू लागला, हे सोडून शहराबाहेर सिहोऱ्याला राहायला जाऊ.

"घर माह्यं हाये," भीमाबाई म्हणाल्या. "मी काहून जाऊ? मुरूम जाईल."

आणि नेमकं यंदा आमचे अध्यक्ष नीलकंठराव यांना प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला अंगण सपाट हवं झालं. दोन नाही, आठ ट्रक. कागदावर सही माझी. रविवारी सकाळी अंगणात उन्हाला मीटिंग भरली आणि पहिला ट्रक फाटकाशी येऊन हॉर्न वाजवू लागला.

भीमाबाई उठल्या. "नीलकंठराव, जरा उभे राहा जी."

ते लगेच उभे राहिले. उभं राहा म्हटलं की भाषण करायचं असतं, अशी त्यांची समजूत आहे.

"मी तुमच्या डोक्यावर बसली का?"

"नाही."

"खांद्यावर?"

"अच्छा, भीमाबाई, हे काय चाललंय..."

तेवढ्यात बाईंनी दोन्ही मुठींत त्यांचा स्वेटर धरला आणि अंग सोडून दिलं. "अवंतिका, तू इकडून धर. साहेब, तुम्ही मागून." मीही धरला. का धरला, ते आजही सांगता येत नाही. अध्यक्षांना खाली खेचायची संधी रोज मिळत नाही, हे एक कारण असावं. नीलकंठराव गुडघ्यांत वाकले.

"अरे, खाली जाऊन राहिलो मी! सोडा!"

"तुमचे पाय फरशीवर हायेत म्हणून नुसते वाकले," भीमाबाई लटकल्या लटकल्याच म्हणाल्या. "माह्या कोपऱ्यातल्या पाइलचे पाय गाळात हायेत. तो वाकत नाही, धसते. डोक्यावर अख्खी बिल्डिंग, अन् अंगाले चारी बाजूनं माती लटकून राहिली. अन् हे साहेब दर साल आणखी माती बोलावते."

कुणी हसलं नाही. मलाही ते तिथेच, स्वेटरची लोकर मुठीत असताना कळलं. नऊ वर्षं मी एक पायरी सांभाळत होतो आणि या बाईचं घर जमिनीत ढकलत होतो. मला लाज वाटली, फार वाटली.

नीलकंठरावांनी स्वेटर खाली ओढून सरळ केला आणि इंजिनीअरला विचारून ठरवू, असं काहीसं पुटपुटले. पण ट्रक एव्हाना आत शिरला होता आणि त्याचा मागचा फाळका उघडायला घेतला होता. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

"कहाँ डालूँ, भैया?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सही माझीच होती.

"वापस ले जाओ," मी म्हणालो. "आगे से भी मत लाना."

"अरे, ऐसे कैसे? किसने मना किया?"

कमिटीने, अध्यक्षांनी, इंजिनीअरने, काहीही सांगता आलं असतं.

"मैडम ने."

"कौन मैडम?"

मी हात करून दाखवलं. तशा भीमाबाईही मागे वळून पाहू लागल्या, कोण मॅडम आल्या म्हणून.