हरण्यानं कर तोडला

माधवनगरच्या हळदीच्या गोदामात अकरा फोर्कलिफ्ट होत्या आणि त्या साऱ्यांचा धनी होता सयाजी. कागदोपत्री नुसता मेंटेनन्सवाला. मेढ्याकडचा गडी, लष्कराच्या वर्कशॉपात सतरा वर्षं काढून आलेला. सकाळी तोंडाला चहा लावण्याआधी अकराही बॅटऱ्यांचं पाणी बघायचा. "मुकं जित्राब. तहान लागली तर सांगतंय व्हय?" म्हणायचा. प्रत्येक गाडीला त्यानं बैलाचं नाव ठेवलं होतं, आणि बैलांचा सण बेंदूर तर रीतसर. आदल्या दिवशी साखळ्यांना ग्रीस चोळून खांदेमळणी. सणादिवशी पुढच्या दोन काट्यांना शिंगांसारखा हिंगूळ, आरशांना गोंडे, सीटवर पुरणपोळी.

यंदा नेमकं बेंदरालाच विघ्न आलं. सात नंबरचा हरण्या भंगारात काढा, असा पुण्याहून हुकूम. त्याची चाकं फिरवणारी मोटर जळून तीन महिने झाले होते, नवी कुठं मिळत नव्हती. पण सयाजी आणि हरण्या गोदामात एकाच दिवशी रुजू झालेले.

सकाळीच आटपाडीचे भंगारवाले दादासो क्रेन घेऊन हजर. मॅनेजर वीरधवलसाहेब म्हणाले, "उचला." दादासोंनी रंगवलेले काटे पाहिले आणि पायातलं पायताण काढलं.

"आवं सायेब, आज बेंदूर! दावणीचा बैल आज कोण इकतंय का? माज्या घरी बी दोन हायत, त्यास्नी काय तोंड दावू?"

"अहो, ही फोर्कलिफ्ट आहे!"

"मग पोळी कुणाला घातलीया?"

साहेबांनी सीटवरच्या पोळीकडं पाहिलं. तेही बागायतदाराचेच चिरंजीव. तेवढ्यात म्हातारा हमाल कोंडीबा पुढं झाला.

"त्यात हरण्या मानाचा हाय. त्यानं कर तोडल्याबिगर बाकीची धा माल उचलनार न्हाईत."

फाटकात गवताचा दोर, त्यात आंब्याची पानं, असा मानाच्या बैलानं तोडायचा कर कमरेइतका उंच बांधून तयारच होता. बाहेर चार ट्रक हॉर्न वाजवत उभे. साहेब वैतागले. "ठीक आहे! तोडला तर राहील. नाही तोडला, तर उद्या दादासो नेतील. आणि शेवटी कुणी ढकलायचं नाही!"

सयाजी देवाचं नाव घेऊन सीटवर चढला, पोळी मांडीवर ठेवली. आठ नंबरच्या गाडीनं मागून रेटत हरण्याला चुन्याच्या रेघेपर्यंत आणलं आणि ती मागं सरली. काट्यांची टोकं दोराच्या चार बोटं अलीकडं. हलगी कडाडली. हरण्या ढिम्म.

"चुचकार की रं त्येला!"

"शेपूट पिरगळ, सयाजी!"

"कुटं हाय शेपूट, गड्या?"

सयाजीनं डोळे मिटले. चाकांची मोटर मेली होती, पण काटे हलवणारी मोटर निराळी, आणि ती तो रोज फिरवून ठेवायचा. त्यानं काटे उचलून दोराच्या वर आणले आणि ते झुकवायचा दांडा पुढं रेटला. बैलानं मान खाली घालावी तसा हरण्या पुढच्या अंगानं हळूहळू वाकला. काट्यांची टोकं दोरावर टेकली, दोर ताणला, आणि तट्कन तुटला. गुलाल उधळला.

"चाकं हललीच नाहीत!" साहेब ओरडले.

"सायेब," दादासो पायताण घालत म्हणाले, "बैल कर शिंगानं तोडतोय. पायानं न्हवं." आणि क्रेन माघारी वळवली.

संध्याकाळी साहेबांनी पुण्याचा फॉर्म भरला. यंत्र चालते का? नाही. ठेवण्याचे कारण? बराच वेळ पेन चावून त्यांनी लिहिलं, मानाचे आहे.

आठवड्यानं पुण्याहून विचारणा आली : एका गोदामात मानाची यंत्रे किती असावीत, ते त्वरित कळवावे. साहेब कागद घेऊन सयाजीकडं गेले. तो हरण्याच्या बॅटरीत पाणी घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

"एकच लिवा, सायेब. दोन झाली की म्होरं कोण, ह्यावरनं भांडणं हुत्यात."